‘श’ टाळावा

सडक अर्जुनीच्या आमच्या कक्षात संगणक बसवण्यात आला आणि चुका होणं कायमचं बंद झालं. त्यानंतर फक्त एरर येऊ लागल्या. दोहोंतला फरक समजून घेणं आवश्यक आहे. चूक झाली की ती कुणाची, असं विचारलं जातं. एरर कुणी केलेली नसते. ती पाहुण्यासारखी येते आणि जबाबदार कर्मचाऱ्याने तिच्या जाण्याची शांतपणे वाट पाहायची असते.

कक्षाचं पूर्ण नाव ‘नागरिक नोंद अद्ययावतीकरण व पडताळणी कक्ष’. जिल्ह्याच्या काही तालुक्यांना मिळून तो एकच होता, आणि तो सडक अर्जुनीलाच का, तर महामार्गाला लागून एक गोदाम रिकामं पडलं होतं. रायपूरकडे जाणारा ट्रक समोरून गेला की टेबलं थरथरायची आणि कामाला वेग आल्यासारखं वाटायचं. गोष्ट २००७ सालची. मी, चंद्रशेखर, तिथे कंत्राटी संगणक चालक होतो. गोंदियाच्या एका संस्थेतून मी संगणकाची पदविका घेतली होती आणि डेटाबेसला आज्ञा देता येणारा त्या परिसरात मी एकटाच होतो. असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण याच्या उलट सांगणारंही कुणी भेटलं नव्हतं.

कक्षप्रमुख होते केशोराव. निवृत्ती जवळ आलेली, खिशाला लाल पेन, आणि शुद्धलेखनाबद्दल असं प्रेम की लग्नपत्रिका आली तरी आधी तिच्यातल्या वेलांट्या तपासून मगच ते अहेराचा विचार करत. संगणकाबद्दल त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणाने कबूल करत. माझ्याबद्दल मात्र त्यांचा गैरसमज होता.

अशा या कक्षात एका दुपारी नवेगाव बांधच्या सुशिलाबाई काळीपिवळीतून उतरून आल्या. पदराला माशांचा वास, हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.

“बाबू, माहं नाव सुधरवून देजो जी,” त्या म्हणाल्या.

“काय झालं नावाला?”

“कंप्युटरात सुनिलाबाई करून ठेवलं. मी सुसिलाबाई आहो. तलावात जारं टाकाचं विचाराले गेली तं मच्छीमार सोसायटीचा छोटेलाल म्हणे, औंदा सभासदाचं नाव कंप्युटरच्या उताऱ्याशी जुरलं पाह्यजे. सुनिलाबाई सोसायटीत नाई, अन् सुसिलाबाई कंप्युटरात नाई. मंग मी कोन आहो?”

प्रश्न तात्त्विक होता, पण मागणी सरळ होती. मूळ नोंदी बाहेरगावच्या एका कंत्राटदाराने टाइप करून दिल्या होत्या, आणि तिथल्या कुणा घाईतल्या बोटांनी ‘शि’चा ‘नि’ केला होता. एक अक्षर बदलायचं. पावसाळ्यानंतर मासेमारी खुली होणार, त्याआधी उतारा मिळाला की सुशिलाबाईंचा डोंगा पाण्यात. नवरा नव्हता, शेत नव्हतं. एक तलाव तेवढा होता, आणि तोही नाव जुळलं तरच.

“बसा,” मी म्हणालो. “आत्ता करून देतो.” हे वाक्य मी इतक्या सहजपणे उच्चारलं की शेजारच्या बाकावर बसलेले इतर अर्जदारही पाहायला सरकले.

संगणकाला नोंद बदलायला सांगायचं तर त्याला एक वाक्य लिहून द्यावं लागतं. अमुक यादी अपडेट कर, तिच्यात नाव असं ठेव, अमुक क्रमांकाच्या जागी. नवं नाव दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये बसवायचं. वर लटकणारं पहिलं चिन्ह दिसलं की संगणक समजतो, नाव सुरू झालं. दुसरं दिसलं की समजतो, संपलं. मी वाक्य लिहिलं, बोट उंच उचललं आणि एंटर दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक मजकूर उमटला. त्याचा पहिलाच शब्द होता ‘यू’. पुढचे शब्द ‘हॅव ॲन एरर’. म्हणजे एरर तुझ्याकडे आहे, असं ते यंत्र मला सर्वांसमोर म्हणत होतं. मला ते पटलं नाही, म्हणून मी पुढचं वाचलं नाही.

एरर वाचायची नसते, घालवायची असते, अशी माझी पद्धत होती. मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं. मग सगळी अक्षरं मोठ्या लिपीत लिहिली, कारण साहेब लोकांना मोठ्याने सांगितलेलं लवकर कळतं. शेवटी अर्धविराम दिला. तो काढला. दोन दिले. संगणक बंद करून चालू केला. माउस उलटा करून त्याच्या पोटातला गोळा पुसला. खुर्ची बदलली. प्रत्येक वेळी तोच ‘यू’. शेवटी देवाच्या दयेने भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली.

“सर्वर डाऊन आहे, मावशी. सोमवारी या.”

“थो उठन कधी?” त्यांनी विचारलं. सर्वर आजारी आहे, असं त्यांना वाटलं होतं. त्या खोलीतल्या इतर कुणाच्याही अंदाजापेक्षा हा फारसा चुकीचा नव्हता.

सोमवारीही एरर आली. मग मात्र मी नियमाप्रमाणे प्रकरण वर पाठवलं. केशोरावांनी माझी टिप्पणी वाचली. “एरर म्हणजे मराठीत त्रुटी,” ते म्हणाले. “आणि अर्जात त्रुटी असेल तर ती कोण पूर्ण करतो?”

“अर्जदार,” मी म्हणालो.

“मग झालं.” त्यांनी लाल पेनाने सुशिलाबाईंच्या अर्जावर देखण्या अक्षरात लिहिलं: ‘सिंटॅक्समध्ये त्रुटी. अर्जदाराने सात दिवसांत पूर्तता करून फेरसादर करावा.’

सुशिलाबाईंनी कागद माझ्यासमोर धरला. “हे सिंटॅक्स का होय?”

“तांत्रिक बाब आहे.”

“थे छपरावरचं कारं टाकं होय का? बचत गटाच्या खोलीवर आहे तसं? सरपंचाले मांगू का?”

मी त्यांना समजावून सांगितलं की सिंटॅक्स म्हणजे वाक्यरचना. वाक्यात शब्द कुठे बसावेत याचे नियम. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

“मंग मी तं वाक्य बराबरच बोलली,” त्या म्हणाल्या. “माहं नाव सुधरवून द्या म्हणलं. याच्यात चुकलं कुठी?”

पदविकेत हा भाग नव्हता.

दरम्यान कक्षासमोर रांग वाढली. एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला जितका वेळ लागायला हवा होता त्याहून बराच जास्त लागला, पण आली. देवाजींचं नाव सुखरूप बदललं जात होतं. बकारामचं जात होतं, कलाबाईंचं जात होतं. शामरावांचं अडत होतं. शकुंतलाबाईंचं अडत होतं. गणेश नावाचे जितके होते ते सगळे अडत होते. मी धावत केशोरावांकडे गेलो.

“साहेब, शोध लागला. संगणकाला ‘श’ येत नाही.”

केशोराव गंभीर झाले. “शिकवता येणार नाही?”

ज्याच्याकडून आम्ही संगणक आणि त्यातला मराठी फॉन्ट घेतला तो मुन्नालाल गोंदियाच्या बाजारात दुकान चालवायचा. राईस मिलवाल्यांना हिशेबाचे प्रोग्राम, शाळांना प्रश्नपत्रिकांचे फॉन्ट, सगळं त्याच्याकडे मिळे. मी फोन लावला.

“अरे चंदूभाई, उसमें क्या है!” तो म्हणाला. “अपने फॉन्ट में आधा ‘श’ और वो ऊपर लटकनेवाला निशान, दोनों एक ही चीज है. आपको ‘श’ दिखता है, मशीन को निशान दिखता है. वो समझती है नाम वहीं खतम हो गया. अब आगे ये ‘लाबाई’ क्या बला है, उसको समझ में नहीं आता. तो चिल्लाती है.”

“म्हणजे माझं वाक्य चुकीचं नाही?”

“गलत तो है. आप डबल मार दो ना. जहाँ एक ‘श’ है वहाँ आधा और मारो. एक मशीन खा जाएगी, एक बचेगा.”

मी तसं करून पाहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली: सुश्शिलाबाई. एंटरवर बोट ठेवण्याआधी मी, खबरदारी म्हणून, केशोरावांना बोलावलं. त्यांनी चष्मा चढवला, पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम दुखावल्यासारखा झाला.

“हे काय लिहिलं आहे?”

“साहेब, एक ‘श’ यंत्र खाणार आहे. एक उरेल.”

“यंत्र काय खातं ते यंत्राचं. पण माझ्या कक्षातून ‘सुश्शिला’ असं अशुद्ध लेखन बाहेर जाणार नाही. उद्या यंत्राने खाल्लं नाही तर? त्याला त्या दिवशी भूक नसली तर? आणि हा मुन्नालाल कोण? व्याकरणाचा पदवीधर आहे का?”

नव्हता. मी दोन्ही ‘श’ पुसले. खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला नव्हता. एक चूक काढायला मुद्दाम दुसरी चूक लिहायची, ही गोष्ट शासकीय कामकाजात मला नवी नव्हती, पण संगणकाकडून माझ्या अपेक्षा जरा वरच्या होत्या.

केशोराव दुसऱ्या दिवशी तोडगा घेऊनच आले. महिन्याच्या अहवालात ‘त्रुटी’ असा एक रकाना होता आणि त्यातला आकडा वाढत चालला होता. गोंदियाहून दोनदा विचारणा झाली होती. त्यांनी परिपत्रक काढलं: ‘तांत्रिक अडचण विचारात घेता, कक्षाच्या सर्व नोंदी व पत्रव्यवहारात “श” या अक्षराचा वापर उद्यापासून, पुढील आदेशापर्यंत, टाळावा. त्याऐवजी “स” वापरावा.’

“पण साहेब,” मी म्हणालो, “शुद्धलेखन?”

“अशुद्ध लिहिणं वेगळं आणि नियमानुसार लिहिणं वेगळं,” ते शांतपणे म्हणाले. “परिपत्रक असलं की ते शुद्धच.”

परिपत्रकाचा परिणाम तात्काळ दिसला. मी ‘सुसिलाबाई’ असं लिहिलं आणि एंटर दाबलं. यंत्र एका शब्दाने बोललं नाही. नोंद बदलली. एक कडवट ‘यू’ ऐकायची सवय झालेल्या माणसाला ती शांतता किती गोड वाटली, ते सांगता येणार नाही. त्या दिवसात मी रांगेतले सगळे निकालात काढले. सामराव, सकुंतलाबाई, झाडून सगळे गणेस. त्रुटींचा रकाना शून्य झाला. परिपत्रकानुसार तो आम्ही ‘सून्य’ असा कळवला.

सुशिलाबाईंना उतारा दिला तेव्हा केशोराव स्वतः बाहेर आले. “काय बाई, झालं ना मनासारखं? तुम्ही तोंडाने ‘सुसिला’च तर म्हणता. आता संगणकही तुमच्यासारखंच म्हणतो. यालाच लोकाभिमुख प्रशासन म्हणतात.”

“बोलते तसंच हाय जी,” सुशिलाबाई म्हणाल्या. उतारा कपाळाला लावून त्यांनी पिशवीत ठेवला. मला वाटलं, आपण एका माणसाचं भलं केलं. हे मला वर्षातून साधारण एकदा वाटे.

आठवड्याच्या बाजारात त्या मला दिसल्या. झिंगे विकायला बसल्या होत्या, पण स्वतःच्या जाळ्यातले नव्हते. दुसऱ्याकडून घेऊन विकत होत्या.

“काऊन मावशी, तलावात गेल्या नाही?”

“छोटेलाल म्हणे, सोसायटीच्या रजिस्टरात ‘श’ हाय, मतदानाच्या कारडावर ‘श’ हाय, उताऱ्यात ‘स’ हाय. जुरून नाई राह्यलं.” त्यांनी झिंग्यांवरच्या माश्या हाकलल्या. “आंधी ‘न’ नाई जुरत होता, आता ‘स’ नाई जुरत. फरक का पडला, तं मले घडीघडी याचं भाडं पडलं.”

त्या पुन्हा कक्षात आल्या. केशोरावांचं उत्तर तर्कशुद्ध होतं. संगणकातली नोंद अद्ययावत आहे, म्हणजे ताजी आहे. बाकीचे कागद जुने आहेत. जुन्याने ताज्याशी जुळवून घ्यावं. सुशिलाबाईंनी आपण सुसिलाबाई असल्याचं शपथपत्र करून सगळी कागदपत्रं बदलून घ्यावीत.

त्यांनी शपथपत्र केलं. ते मी परत केलं, कारण वर ‘शपथपत्र’ असा मथळा होता आणि आवक नोंदवहीही आता संगणकात होती. त्या ‘सपथपत्र’ करून घेऊन आल्या. वकील म्हणाला होता की तीस वर्षांच्या वकिलीत असं काही लिहिलं नव्हतं, पण आमचं परिपत्रक दाखवल्यावर त्याने लिहिलं. तिथून त्या मतदान कार्डाच्या मागे लागल्या, रेशनच्या मागे, बँकेच्या पासबुकाच्या मागे. सगळीकडे आमचं परिपत्रक दाखवायचं. परिपत्रक पाहिलं की कुणी विचारत नसे. गावोगाव लोक कागदांवरचे ‘श’ खरवडू लागले. माझी अशी समजूत होती की खालच्या माणसाला परिपत्रक समजत नाही. उलट आहे. खालच्या माणसाला परिपत्रक फार लवकर समजतं. न समजण्याची चैन त्याला परवडत नाही.

इकडे कक्षात परिपत्रक आपल्या वाटेने पुढे चाललं होतं. एका प्राथमिक शाळेला आम्ही पत्र पाठवलं, त्यावर ‘मुख्याध्यापक, प्राथमिक साळा’ असा पत्ता होता. मुख्याध्यापक ते पत्र हातात धरून मोटरसायकलवरून आले आणि आमच्यापैकी नेमकं कुणाच्या बहिणीशी त्यांचा विवाह झाला आहे, ते विचारू लागले. आमचा शिपाई मात्र खुश होता. तो कागदावर ‘सिपाई’ झाला होता आणि त्याला ती बढती वाटत होती.

खरा घोटाळा ‘श्री’ने केला. ‘श्री’चं आम्ही ‘स्री’ केलं. पुढे पडताळणीत कुणा दक्ष माणसाला ती टाइपिंगची चूक वाटली आणि त्याने जिथे जिथे ‘स्री’ होतं तिथे तिथे ‘स्त्री’ केलं. एका अपडेटमध्ये चार तालुक्यांतले सगळे सद्गृहस्थ स्त्रिया झाले. यंत्राने एकही एरर दिली नाही. मिशाळ देवाजी उतारा घेऊन खिडकीशी आले, ‘स्त्री देवाजी’ असं दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाबू, घरी सांगू का नोको?” जिल्ह्यात महिलांचं प्रमाण एकाएकी सुधारल्याबद्दल गोंदियाहून अभिनंदनाचं पत्र आलं. त्यावर ‘स्त्री केसोराव’ असा उल्लेख होता. केशोरावांनी ते पत्र उलटं करून टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

त्यांना पहिला खरा धक्का मात्र निवृत्तिवेतनाच्या कागदांवरून बसला. सेवापुस्तकातला ‘श’ आणि आमच्या दाखल्यातला ‘स’ जुळेना. माझंही तसंच झालं. कंत्राट चंद्रशेखरच्या नावाचं होतं, हजेरी चंद्रसेखरची लागत होती. कागदोपत्री एक माणूस महिनाभर गैरहजर होता आणि दुसरा आदेशाशिवाय रोज येऊन बसत होता. मी झटकन अर्ज लिहिला, ‘मीच चंद्रसेखर’. सुशिलाबाईंना जे समजायला हवं होतं असं आम्हाला वाटत होतं, ते मला एका दुपारी समजलं.

त्याच दुपारी केशोराव लवकर घरी गेले होते. सोसायटीला ताज्या तारखेचा उतारा हवा होता, म्हणून सुशिलाबाई तो न्यायला आल्या होत्या आणि वीज यायची वाट पाहत बाकावर बसल्या होत्या. महिन्याभरात त्या वाळल्यासारख्या दिसत होत्या. पावसाळा ओसरला होता, तलावात मासेमारी खुली झाली होती. त्या रोज कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर उभ्या होत्या आणि त्यांचा डोंगा पालथा पडून होता. आल्यावर त्या तक्रार करत नसत, हीच मला सगळ्यात मोठी तक्रार वाटू लागली होती.

वीज आली. मी मनाशी म्हणालो, बघू तर खरं. पहिल्यांदाच मी ती जुनी एरर पुन्हा आणून शेवटपर्यंत वाचली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की चूक अमुक अक्षरांच्या जवळ आहे. ती अक्षरं म्हणजे ‘श’नंतरचा उरलेला तुकडा होता. पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला त्या यंत्राने बोट ठेवून दाखवलं होतं. ‘यू’ म्हणालं म्हणून मी रुसलो होतो.

मी सुश्शिलाबाई असं लिहिलं आणि एंटर दाबलं. यंत्र काही बोललं नाही. मी नोंद उघडली. एक ‘श’ खाल्लेला होता, एक उरला होता. पडद्यावर स्वच्छ, सुरेख, शुद्ध: सुशिलाबाई.

मला रडू यायचं बाकी होतं. मी उतारा छापला, केशोरावांच्या वतीने स्वतःच सही केली आणि बाहेर येऊन त्यांच्या हातात दिला. “घ्या मावशी. झालं. आता अगदी बरोबर आहे. ‘श’ आला.”

त्यांनी कागद पाहिला. वाचता येत नव्हतं, पण महिनाभरात ते एक अक्षर मात्र त्या ओळखायला शिकल्या होत्या. बोटाने त्यांनी ते शोधलं. मग पिशवी उघडून एकेक कागद बाकावर मांडला. मतदान कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, सपथपत्र. काल बदलून मिळालेला सोसायटीचा सभासद दाखला.

“याइच्यावर सगरीकडे ‘स’ झाला ना बाबू,” त्या म्हणाल्या. “काल छोटेलालनं ‘स’ केला. आज उतारा दाखवला की उद्या डोंगा. अन् तू आज ‘श’ करून राह्यला.”

मी एकेक कागद उचलून पाहिला.

“बराबर हाय ना हे?” त्यांनी उताऱ्यावर बोट ठेवलं.

“हो. हेच बरोबर आहे.”

“हे बराबर हाय तं कोनाशी जुरते?”

कुणाशीच जुळत नव्हतं. संबंध जिल्ह्यात बरोबर असलेला तो एकच कागद होता, आणि म्हणून निरुपयोगी होता.

“आंधीसारखं चुकीचं करून दे,” सुशिलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, घाई होती. “दिवस बुडाच्या आंधी गाडी भेटली पाह्यजे.”

मी आत गेलो. सुसिलाबाई लिहायला अडचण आली नाही. चुकीचं वाक्य यंत्राने नेहमीप्रमाणे बिनतक्रार स्वीकारलं. उतारा घेऊन त्या निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा डोंगा पाण्यात गेला. पुढच्या बाजारात त्यांनी मला एक मरळ बळेच बांधून दिली. मी नको म्हणालो, मग घेतली. ती चांगली होती.

मुन्नालालचा उपाय चालतो, हे मी केशोरावांना सांगितलं. त्यांनी काचेखालच्या उलट्या पत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे परिपत्रक मागे घ्यायला हरकत नाही.” त्यांनी लाल पेन उघडलं. पण परिपत्रकात ‘पुढील आदेशापर्यंत’ असं होतं, म्हणजे ते रद्द करायला आदेश हवा. आणि ‘आदेश’ या शब्दात ‘श’ होता. परिपत्रक लागू असताना आम्हाला फक्त ‘आदेस’ काढता येत होता, आणि ‘आदेस’ नावाची कुठलीही गोष्ट शासनाच्या नियमांत नव्हती. केशोरावांनी वर मार्गदर्शन मागवलं. वरून उत्तर आलं की आपलं पत्र ‘महाराष्ट्र सासन’ या अज्ञात संस्थेकडून आलेलं असल्याने दप्तरी दाखल करण्यात येत आहे. मार्च महिन्यात ते ‘केसोराव’ म्हणून निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं. ‘शुभेच्छा’ या शब्दापाशी ते क्षणभर थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि ‘आशीर्वाद’ म्हणावं की काय असा विचार केल्यासारखं करून शेवटी नुसता नमस्कार करून खाली बसले.

काही वर्षांनी नवे संगणक आले, नवा फॉन्ट आला. त्यात ‘श’ला ‘श’च समजतात. नोंदी मात्र जशा होत्या तशाच नव्या संगणकात ओतण्यात आल्या, आणि ओतताना एकही एरर आली नाही. परिपत्रक अजून कुणी रद्द केलेलं नाही. नवेगावला सुसिलाबाईंच्या नातीचा शाळेचा दाखला निघाला, तिचं नाव आसा आहे. मास्तरांनी विचारलं, आशा का? सुसिलाबाई म्हणाल्या, नोको, घरच्या कागदाशी जुरलं पाह्यजे.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल. झाडीपट्टीतल्या आडबाजूच्या लोकांचं काय घेऊन बसलात, सांगितलं की ऐकतात बिचारे, असंही वाटलं असेल. तर एक करा. खिशातलं तुमचं ओळखपत्र बाहेर काढा. तुमचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख, एकेक अक्षर लावून वाचा. कुठेतरी एक वेलांटी घसरलेली असेल, वडिलांच्या नावाला कुणाचा तरी काना लागलेला असेल. तो तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिला होता, आणि त्यानंतर प्रत्येक अर्जावर तुम्ही स्वतःच्या हाताने तसाच लिहीत आला आहात, जुळावं म्हणून. आणि समजा, सगळं अगदी बरोबर निघालं, तर फोटो जरा उजेडात धरून पाहा. ते ओळखपत्र बहुधा दुसऱ्या कुणाचं आहे.